हजार डॉलरचा दंड आणि एक कप: अमेरिकेतल्या 'सॉकर वॉर'चा प्रकरण अभ्यास

१९२८चा हंगाम नुकता सुरू झाला होता. अमेरिकन सॉकर लीगने आपल्याच तीन क्लबांना निलंबित केलं आणि प्रत्येकाला १,००० डॉलर दंड ठोकला. पेनसिल्व्हेनियाचा बेथलेहेम स्टील, न्यूयॉर्क जायंट्स आणि न्यू जर्सीचा न्यूअर्क स्कीटर्स हे ते तीन क्लब. फोर्डची नवीकोरी मॉडेल ए गाडी तेव्हा पाचशे डॉलरच्या आतबाहेर मिळायची, त्यावरून दंडाचं वजन कळेल. या तिघांनी सामना विकलेला नव्हता की पंचावर हात उचललेला नव्हता. देशाच्या राष्ट्रीय कप स्पर्धेत त्यांनी आपल्या संघाचं नाव घातलं, एवढाच गुन्हा.

पुढे वर्षभर जे चाललं त्याला 'सॉकर वॉर' हे नाव पडलं. ही गोष्ट सहसा अशी सांगतात: बेसबॉलमधले पैसेवाले मालक हावरे, देशाचा फुटबॉल चालवणारं फेडरेशन हट्टी, दोघांच्या भांडणात फुटबॉल चिरडला गेला आणि अमेरिकेत या खेळाने पुढे कित्येक दशकं डोकं वर काढलं नाही. ऐकायला छान आहे. पण हंगामाचं वेळापत्रक आणि पैशाची वाट शेजारी शेजारी मांडून बघितली की लीगची तक्रार बरीचशी खरी होती हे दिसतं. फेडरेशनचं उत्तरही नियमाला धरूनच होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असताना दोघंही बुडाले कसे, तो माझ्या कुतूहलाचा विषय आहे.

दोऱ्याच्या रिळापासून

अमेरिकेतला संघटित फुटबॉल गिरण्यांच्या दारात वाढला. १८८४ साली न्यूअर्कमध्ये अमेरिकन फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि त्याच हंगामात तिने अमेरिकन कप सुरू केला. आपल्याकडचा ड्युरँड कप १८८८चा आणि मुंबईचा रोव्हर्स कप १८९१चा, म्हणजे हा त्यांच्याही आधीचा. १८८५ ते १८८७ हे पहिले तीन कप एकाच संघाने नेले: क्लार्क ओ.एन.टी. ही अक्षरं 'अवर न्यू थ्रेड'ची, क्लार्क कंपनीच्या शिवणदोऱ्याच्या छापाची. देशातला पहिला विजेता संघ दोऱ्याच्या रिळाचं नाव लावून खेळत होता. कंपनी मूळची स्कॉटलंडमधल्या पेझलीची, कामगारांतही स्कॉटिश भरपूर, चेंडू त्यांच्याबरोबरच बोटीतून उतरला.

मग कप मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरला गेला आणि १८८८ ते १८९२ अशी सलग पाच वर्षं त्या गावाने तो सोडला नाही. आधी रोव्हर्स, मग ऑलिम्पिक्स, मग ईस्ट एंड्स. संघ बदलत होते, गाव तेच. फॉल रिव्हर म्हणजे सुती कापडाच्या गिरण्या आणि लँकेशरहून आलेले विणकर. पाळी सुटल्यावर मैदानाकडे वळणारी गर्दी कशी असते हे गिरणगाव पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

१८९९ ते १९०६ हा कप बंदच होता. पुन्हा सुरू झाला तोवर देशाचा फुटबॉल कोण चालवणार यावर दोन संघटनांचं भांडण जुंपायची तयारी झाली होती. १९१२ साली फिफाच्या स्टॉकहोमच्या अधिवेशनात दोघींनीही आपणच अमेरिकेचे खरे प्रतिनिधी असं सांगितलं. फिफाने त्यांना घरी जाऊन आपसात मिटवून या म्हटलं. ५ एप्रिल १९१३ला युनायटेड स्टेट्स फुटबॉल असोसिएशन (या गोष्टीतलं 'फेडरेशन' ते हेच) उभी राहिली, फिफाची मान्यता तिला मिळाली आणि जुनी असोसिएशन तिच्या छत्राखाली आली. या प्रकरणात पुढे जे घडलं त्याची किल्ली इथे आहे: फिफाचा शिक्का एकाच संस्थेकडे असतो, आणि ज्याच्याकडे तो शिक्का, त्याच्या बाहेर खेळणारा प्रत्येक जण 'अनधिकृत' ठरतो.

नव्या संस्थेने लगेच नॅशनल चॅलेंज कप सुरू केला. ट्रॉफी दिली होती स्कॉच व्हिस्कीवाल्या सर थॉमस ड्युअर यांनी, म्हणून तिला ड्युअर कपही म्हणत. पहिली फायनल १६ मे १९१४ला ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटच्या कोट्स फील्डवर झाली आणि ब्रुकलिन फील्ड क्लबने ब्रुकलिन सेल्टिकला २-१ हरवलं. दोन्ही संघ ब्रुकलिनचे, मैदान मात्र दुसऱ्या राज्यातलं. कोट्स हीही दोरा बनवणारीच कंपनी, तीही पेझलीचीच.

पुढची काही वर्षं बेथलेहेम स्टीलची. पोलादाच्या कारखान्याचा हा संघ. १९१५, १९१६, १९१८, १९१९ आणि मग १९२६, असा पाच वेळा कप त्यांनी उचलला. १९१६ ते १९१८ या तिन्ही फायनल त्यांच्या आणि फॉल रिव्हर रोव्हर्सच्या. एका बाजूला पगारावर आणलेले बहुतांश स्कॉटिश खेळाडू, दुसऱ्या बाजूला बरीचशी तिथेच जन्मलेली गिरणीतली पोरं. १९१६ला पेनल्टीवरच्या एकमेव गोलाने बेथलेहेम जिंकलं आणि चिडलेलं पब्लिक मैदानात घुसलं. पुढच्या वर्षी रोव्हर्सच्या थॉमस स्वॉर्ड्सने पहिल्याच मिनिटाला गोल केला आणि उरलेला सगळा वेळ संघाने तो राखला. १९१८ला २-२ बरोबरी, मग फेरसामन्यात बेथलेहेम ३-०. या कपला लोकांच्या मनात जागा मिळाली ती या तीन वर्षांत.

कपच्या अंतिम फेरीत पोचलेल्यांची यादी वाचताना मजा येते, औद्योगिक डिरेक्टरी चाळल्यासारखं वाटतं. बेन मिलर्स (टोप्या), स्कलिन स्टील, रॉबिन्स ड्राय डॉक, टॉड शिपयार्ड्स, होली कार्बुरेटर, पुढे ब्रूएल इन्शुरन्स आणि स्टिक्स, बेअर अँड फुलर हे सेंट लुईसमधलं डिपार्टमेंट स्टोअर. कंपनीचा साहेब खूश तोवर संघ जिवंत. हे वाक्य लक्षात ठेवा, खाली त्याची गरज लागेल.

एका शनिवार-रविवारचा हिशोब

१९२१मध्ये अमेरिकन सॉकर लीग सुरू झाली. ईशान्येकडच्या औद्योगिक पट्ट्यातले क्लब, पगारी खेळाडू, ठरलेलं वेळापत्रक. काही वर्षांतच ती इतकी तगडी झाली की स्कॉटिश क्लबांना धडकी भरली. १९२४ला बॉस्टनच्या क्लबने ग्रीनॉकच्या मॉर्टन क्लबचा अ‍ॅलेक मॅकनॅब उचलून आणला. फॉल रिव्हरमध्ये सॅम मार्क या माणसाने क्लब विकत घेतला, त्याला आपल्या नावावरून 'मार्क्समन' हे नाव दिलं आणि स्टेडियम बांधलं. पण कुठे? गावात नाही, राज्याची हद्द ओलांडून ऱ्होड आयलंडच्या नॉर्थ टिव्हर्टनमध्ये. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात रविवारी पगारी खेळाला बंदी होती. हद्दीपलीकडे ती नव्हती. प्रेक्षक चालत किंवा ट्रॅमने हद्द ओलांडून यायचे.

हे स्टेडियम म्हणजे या लीगच्या धंद्याचं एका वाक्यातलं वर्णन आहे. सगळा पैसा गेटवर, म्हणजे तिकिटाच्या खिडकीवर, आणि गेट भरतं ते शनिवारी आणि रविवारी. शनिवारी न्यू इंग्लंडमध्ये एक सामना आणि रविवारी न्यूयॉर्क, न्यू जर्सी नाहीतर टिव्हर्टनला दुसरा, असे दोन दिवस दोन सामने क्लब खेळायचे. हंगामात चाळीस-पन्नास लीग सामने बसवायचे तर दुसरा मार्गच नव्हता.

आता यात कप घाला. स्थानिक स्पर्धांचं वेळापत्रक मी काही वर्षं बसवलंय, तेव्हा हे दुखणं मला ओळखीचं आहे. बाद फेरीचा सामना एक रविवार खातो. बरोबरी झाली की फेरसामना आणखी एक दिवस खातो, आणि कोणता दिवस ते आधी सांगता येत नाही. मध्ये बर्फ पडलं की सगळंच पुढे ढकललं जातं. एक क्लब कपमध्ये अडकला की त्याच्याशी लीगचा सामना असलेला दुसरा क्लब त्या रविवारी रिकामा बसतो, त्याचा गल्ला बुडतो, आणि त्याचा या कपशी काडीचा संबंध नसतो. पुढच्या फेऱ्यांत पश्चिमेकडचा संघ समोर आला तर सेंट लुईसपर्यंतचा रेल्वेप्रवास आणि लॉजचा खर्च. या सगळ्यानंतर गेटच्या रकमेतून फेडरेशन आपला वाटा कापून घेणार.

फेडरेशनकडून बघितलं तर चित्र उलटं. तिच्याकडे ना स्टेडियम, ना खेळाडू. कपच्या गेटमधला वाटा हा तिच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता, आणि त्यावर देशभरच्या हौशी फुटबॉलचं, राज्य संघटनांचं काम चालायचं. सगळ्यात मोठे संघ कपमधून गेले तर तिच्या हातात उरणार रबरी शिक्का.

१९२४-२५ला पहिली ठिणगी पडली. लीगने त्या वर्षी कपवर बहिष्कार टाकला, सेंट लुईसच्या व्यावसायिक लीगनेही साथ दिली. कप झाला, मॅसॅच्युसेट्सच्या शॉशीन इंडियन्सने तो जिंकलाही. लीगने सेंट लुईसच्या विजेत्याशी आपली वेगळी 'व्यावसायिक अजिंक्यपद' लढत लावली, ती बॉस्टनने बेन मिलर्सविरुद्ध जिंकली. त्याच हंगामात बेथलेहेमच्या आर्ची स्टार्कने लीगमध्ये ६७ गोल केले. त्या काळात जगात कुठेही इतके गोल करणारे बोटावर मोजण्याइतके असतील, आणि त्याच वर्षी या माणसाला देशाच्या कपमध्ये चेंडूला पाय लावता आला नाही. पुढच्या वर्षी लीग परतली. १९२६ला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर बेथलेहेमने फायनल ७-२ अशी मारली. एका वर्षाची दाबून ठेवलेली भूक म्हणा.

वाद मिटला असं सगळ्यांना वाटलं. माझ्या मते खरी चूक इथेच झाली. बहिष्कार मागे घेतला गेला, पण वेळापत्रकाचा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला. लीग नि कप यांचं कॅलेंडर एकत्र बसून कुणी आखायचं, यावर कायमची व्यवस्था ठरली नाही.

स्टोनहॅम, फिफा आणि नाव

१९२७ला लीगमध्ये नवा माणूस आला: चार्ल्स स्टोनहॅम. बेसबॉलमधल्या न्यूयॉर्क जायंट्सचा मालक, पोलो ग्राउंड्स हे मैदान त्याच्या हातात. १ मे १९२६ला याच मैदानावर व्हिएन्नाहून आलेल्या हकोआ संघाचा सामना बघायला ४६ हजार लोक आले होते. हा ज्यू संघ, न्यूयॉर्कच्या ज्यू वस्त्या त्याच्यासाठी ओसंडून आल्या, आणि अमेरिकेत फुटबॉलच्या सामन्याला एवढी गर्दी पुन्हा व्हायला १९७७ उजाडावं लागलं. बेसबॉलवाल्यांच्या डोळ्यांत तो आकडा भरला नसता तरच नवल.

स्टोनहॅमने इंडियाना फ्लोअरिंग नावाचा क्लब घेतला आणि त्याला अर्थातच 'जायंट्स' म्हणायचं ठरवलं. पण लीगमध्ये त्या नावाचा क्लब आधीपासून होता आणि तो नाव सोडेना. मग स्टोनहॅमचा संघ 'न्यूयॉर्क नॅशनल्स' झाला. या नॅशनल्सनी १९२८चा कप जिंकला: शिकागोच्या ब्रिकलेयर्सशी पहिला सामना १-१ सुटला, दुसऱ्यात ३-०. म्हणजे कप ज्याच्या कपाटात होता त्याच माणसाने काही महिन्यांत पुढच्या कपवर बहिष्कार टाकायला पुढाकार घेतला. हे मला विसंगत वाटत नाही. कप जिंकायला किती रविवार जातात हे त्याच्याइतकं ताजं कुणाला ठाऊक होतं?

दुसरीकडून फिफाचा दबाव वाढत होता. करार चालू असलेले खेळाडू अमेरिकन क्लब पळवतात, अशी युरोपीय संघटनांची तक्रार १९२७च्या हेलसिंकी अधिवेशनात गाजली. फेडरेशनला फिफातलं आपलं स्थान टिकवायचं होतं, तिने लीगला आवर घालायचं आश्वासन दिलं. लीगला वाटलं, आपल्या बाजूने भांडायचं सोडून हे परक्यांच्या बाजूने बोलतात. बदली खेळाडूची सोय वगैरे बदल लीगने आपल्या मनाने केले होते तेही परंपरावाद्यांना खुपत होते. थोडक्यात, कप हे निमित्त होतं असं नाही, पण कपच्या मागे बरंच काही साठलं होतं.

लीगने फर्मान काढलं: १९२८-२९च्या कपमध्ये आपल्यापैकी कुणी उतरायचं नाही. कप खेळवायचाच तर लीगचा हंगाम संपल्यावर खेळवा. तिघांनी ते मोडलं.

तिघांनीच का मोडलं याचा विचार करण्यासारखा आहे. बेथलेहेम पाच वेळा कप जिंकलेला, देशातला सर्वांत नावाजलेला संघ, पण गावात त्यांना गर्दी कधीच झाली नाही. १९२१ला तर गर्दीच्या शोधात संघ फिलाडेल्फियाच्या नावाने खेळला, विजेता ठरला आणि गावी परतला. गल्ला त्यांचा पोशिंदा नव्हताच, पोशिंदा कारखाना. कारखान्याला रविवारच्या तिकिटांपेक्षा पेपरातल्या 'राष्ट्रीय विजेते' या दोन शब्दांची किंमत जास्त असणार. न्यूअर्क तळातला, पैशाने कमकुवत संघ. अशा संघाला बाद फेरीत एक मोठा पाहुणा मिळाला तर वर्षाची सोय होते. आणि जायंट्स? ज्यांचं नाव स्टोनहॅमला हवं होतं ते हेच. त्याच्या पुढाकाराच्या बहिष्कारात त्यांनी सामील व्हावं अशी अपेक्षाच जरा जास्त होती. हे तिन्ही तर्क माझे आहेत, पण तिघांची परिस्थिती बघता ते फारसे लांबचे नसावेत.

वर्षभराची लढाई

दंड झालेले तिघं फेडरेशनकडे गेले. फेडरेशनने लीगला सांगितलं, निलंबन मागे घ्या. लीग म्हणाली, आमच्या क्लबांना शिस्त लावायचा अधिकार आमचा. २ ऑक्टोबर १९२८ला फेडरेशनने लीगलाच निलंबित केलं. देशातली सर्वांत मोठी, सर्वांत जास्त गर्दी खेचणारी लीग एका दिवसात अनधिकृत झाली.

फेडरेशन एवढ्यावर थांबलं नाही. या तीन क्लबांभोवती तिने ईस्टर्न सॉकर लीग उभी केली. खेळाडू हवे होते, ते विरोधी छावणीतून आले: हकोआच्या दौऱ्यानंतर अमेरिकेतच राहिलेले व्हिएन्नाचे खेळाडू ब्रुकलिन वॉन्डरर्स आणि जायंट्स या संघांत विखुरलेले होते, त्यातले बरेच नव्या न्यूयॉर्क हकोआत गेले. त्यांत बेला गुटमन होता, जो पुढे प्रशिक्षक म्हणून पोर्तुगालच्या बेन्फिका क्लबला १९६१ आणि १९६२चा युरोपियन कप जिंकून देणार होता. लीगच्या बाजूने मग ब्रुकलिन हकोआ निघाला. एकाच शहरात, एकाच समाजाच्या प्रेक्षकांसाठी, दोन लीगांत दोन हकोआ.

फेडरेशनच्या घरातही फूट पडली. न्यूयॉर्कच्या दक्षिण भागाची राज्य संघटना फेडरेशनचीच अंग होती. आपल्या हद्दीत आपल्याला न विचारता नवी लीग बसवली म्हणून ती रुसली आणि लीगच्या बाजूला जाऊन बसली. फेडरेशनने ज्या शिस्तीसाठी लीगला बाहेर काढलं, तीच शिस्त तिने स्वतः मोडली असं या लोकांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं.

त्या वर्षी हंगामाच्या शेवटी दोन विजेते होते: एकीकडे फॉल रिव्हर, दुसरीकडे बेथलेहेम. कप न्यूयॉर्क हकोआने जिंकला, सेंट लुईसच्या मॅडिसन केनेलला २-० आणि ३-० असं हरवून. गुटमन आणि मंडळींनी तो रीतसर जिंकला, त्यांच्याकडे बोट दाखवायचं कारण नाही. पण मागच्या वर्षीचा विजेता त्यात नव्हता, फॉल रिव्हर नव्हतं.

खेळाडूंचं काय झालं? ज्याच्या छातीवर कुठल्या बाजूचं चिन्ह यावर त्याची अधिकृत-अनधिकृतता ठरली. लीगचे क्लब फिफाच्या बाहेर पडल्याने परदेशी संघांचे दौरे, जे उन्हाळ्यात रग्गड पैसा देत, त्यांच्यासाठी बंद झाले. ईस्टर्न लीगला शिक्का होता, पण जुनी नावाजलेली नावं अर्धीच. पब्लिक तेवढंच, ते दोन गेटांवर वाटलं गेलं. दोन्ही बाजूंचा गल्ला आटला. आपल्या गावातला सामना 'खरा' की 'बंडखोर' हे पेपर वाचून ठरवायची पाळी प्रेक्षकावर आली, आणि ज्या प्रेक्षकाकडे बेसबॉल आणि बॉक्सिंग हे पर्याय होते, तो एवढी डोकेफोड कशाला करेल?

तह

ऑक्टोबर १९२९च्या सुरुवातीला लीगने माघार घेतली. तिने फेडरेशनची सत्ता मान्य केली, दोन्ही लीग एकत्र येऊन अटलांटिक कोस्ट लीग या नावाने नोव्हेंबरपासून खेळू लागल्या, आणि वर्षभराने जुनं नाव परत घेतलं. दोन हकोआ एक झाले. कागदावर फेडरेशन जिंकलं, शंभर टक्के जिंकलं.

तहाच्या शाईवर दोन-तीन आठवडे गेले असतील तोच शेअर बाजार कोसळला.

इथून पुढे इतिहासकारांचे दोन पंथ होतात. सॉकर वॉरने खेळ मारला, की मंदीने? मला वाटतं प्रश्न तोडून विचारला की उत्तर चुकतं. फॉल रिव्हरच्या गिरण्या दक्षिणेतल्या स्वस्त मजुरीपुढे १९२०च्या दशकातच बंद पडायला लागल्या होत्या, युद्ध असो वा नसो. प्रेक्षकच बेकार झाला तर तिकीट कोण काढणार? पण मंदी आली तेव्हा क्लबांच्या तिजोऱ्यांत काही शिल्लक असती तर त्यांनी एखाददुसरा हंगाम ढकलला असता. ती शिल्लक १९२८-२९मध्ये दोन्ही बाजूंनी एकमेकांविरुद्ध खर्च केली होती. युद्धाने खेळ मारला नाही, त्याची गाठीशी बांधलेली पुंजी खाल्ली.

सगळ्यात आधी कोण गेलं ते बघा. बेथलेहेम स्टील. ज्या क्लबने कपसाठी दंड सोसला, फेडरेशनची बाजू घेतली, नव्या लीगमध्ये पहिला आला, तो क्लब १९३०च्या वसंतात बंद झाला. कारखान्याने हात काढून घेतला. वर म्हटलं होतं ना, साहेब खूश तोवर संघ जिवंत.

स्टोनहॅमला १९३०मध्ये शेवटी हवं ते नाव मिळालं, नॅशनल्सचे 'जायंट्स' झाले. तोवर त्या नावात फारसं काही उरलं नव्हतं. १९३१मध्ये सॅम मार्कने टिव्हर्टन सोडून संघ न्यूयॉर्कला नेला आणि जुन्या जायंट्सच्या उरलेल्या संघात मिसळून 'न्यूयॉर्क यँकीज' केला: लीगचा सर्वांत निष्ठावान क्लब आणि दंड झालेल्या तिघांपैकी एक, एकाच जर्सीत. लीग १९३३मध्ये संपली, नंतर त्याच नावाने छोटी लीग उभी राहिली.

पण हिशोबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तह झाला नसता तर १९३०च्या पहिल्या विश्वचषकाला अमेरिकेचा संघ असा गेला नसता. फॉल रिव्हरचे बर्ट पॅटेनॉड आणि बिली गोन्साल्विस, नॅशनल्सचा बार्ट मॅगी, हे सगळे वर्षभरापूर्वी 'बंडखोर' लीगचे खेळाडू होते. मोंटेव्हिडिओत अमेरिकेने बेल्जियमला ३-० आणि पॅराग्वेला ३-० हरवलं. पॅराग्वेविरुद्धचे तिन्ही गोल पॅटेनॉडचे. विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक ती हीच, असं फिफाने २००६ साली मान्य केलं. उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून १-६ मार खाल्ला, पण विश्वचषकात अमेरिकेच्या पुरुष संघाची ती आजही सर्वोत्तम मजल आहे.

तेच भांडण, पंचाण्णव वर्षांनी

नॅशनल चॅलेंज कप आज यूएस ओपन कप या नावाने चालतो. २०२३च्या फायनलमध्ये इंटर मायामी पोचलं होतं. मेस्सी दुखापतीमुळे बाहेर बसला आणि ह्युस्टन डायनॅमो २-१ जिंकलं. त्यानंतर तीन महिनेही झाले नसतील, डिसेंबरमध्ये मेजर लीग सॉकर या अमेरिकेच्या आजच्या मुख्य लीगने जाहीर केलं की पुढच्या कपला आमचे मुख्य संघ येणार नाहीत, दुसऱ्या फळीच्या लीगमधले संघ पाठवू. कारण? वेळापत्रकात जागा नाही. पाच दिवसांत फेडरेशनने नकार कळवला.

१९२८चं प्रकरण माहीत असलेल्या कुणालाही ती बातमी वाचताना पुढचं पान डोळ्यांपुढे आलं असेल. यावेळी ते पान उलटलं नाही. मार्च २०२४मध्ये तडजोड झाली: लीगचे आठ क्लब मुख्य संघ घेऊन खेळतील, बाकीच्यांना सूट. हा उपाय देखणा नाही, कपची थोडी अब्रू गेलीच. पण कुणी कुणाला निलंबित केलं नाही, दुसरी लीग काढली नाही, आणि १९२५नंतर जे राहून गेलं, म्हणजे कॅलेंडरवर समोरासमोर बसणं, ते अर्धंमुर्धं का होईना झालं.

गोन्साल्विसचे आठ कप

बिली गोन्साल्विस हा मदेराहून आलेल्या पोर्तुगीज आईबापांचा मुलगा, जन्म ऱ्होड आयलंडचा. १९३०ला फॉल रिव्हरबरोबर त्याने पहिला कप जिंकला. १९३१ला यँकीजबरोबर दुसरा, पण तोवर फॉल रिव्हरचा क्लब उरला नव्हता. १९३२ला तीच बरीचशी मंडळी न्यू बेडफर्डच्या नावाने खेळली, तिसरा. मग पूर्वेत काम मिळेना म्हणून तो सेंट लुईसला गेला. त्या डिपार्टमेंट स्टोअरच्या संघाकडून १९३३ आणि १९३४, आणि स्टोअरने हात आखडल्यावर सेंट्रल ब्रुअरीज या बिअरवाल्यांच्या संघाकडून १९३५.

सहा वर्षं, सलग सहा कप, पाच वेगवेगळ्या जर्सी. त्याच्या पायाखालून क्लब एकामागून एक निघून जात होते आणि कप तेवढा दर वर्षी जागेवर होता. शेवटचे दोन १९४३ आणि १९४४ला ब्रुकलिन हिस्पानोकडून आले. तेव्हा तो पस्तिशीत होता, आणि ज्या लीगने त्या कपवर बहिष्कार टाकला होता तिच्यात खेळलेला तो मैदानावर उरलेल्या मोजक्यांपैकी एक होता.